तसाच वास असतो

बेल वाजली तेव्हा हेमांगी स्वयंपाकघरातच होती, गॅसकडे पाठ करून फरसबी चिरत. दारात शेजारच्या प्रमोदिनीकाकू, नाकाला पदर लावून. "अगं हेमांगी, तुमच्याकडे काही करपतंय का? सगळ्या पॅसेजमध्ये वास भरलाय." "नाही हो काकू, आमच्याकडे नाही," हेमांगी म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. स्वयंपाकघरातूनच तर येतेय मी, असंही म्हणाली. काकू तिच्या खांद्यावरून आत बघत राहिल्या, म्हणून तिनंही वळून बघितलं. दुधाचं पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. चिमणी धूर ओढत होती, तरी थोडा निळसर धूर छताशी साचला होता. तिनं धावत जाऊन गॅस बंद केला. "होतं असं कधीकधी," काकू म्हणाल्या. "फोनवर होतीस का?" "हो," हेमांगी म्हणाली. फोन बेडरूममध्ये चार्जिंगला लावलेला होता.

दार लावून ती परत ओट्यापाशी आली, पातेल्यावर वाकली आणि जोरात श्वास घेतला. नुसती गरम हवा आत गेली. पुन्हा घेतला. डोळ्यांत पाणी आलं, घशात खवखवलं, पण करपलेल्या दुधाचा तो ओळखीचा, कडवट, भिंतींना चिकटून बसणारा वास कुठंच नव्हता. संक्रांतीनंतर तिला ताप आला होता, मग सर्दी. जेवण मातीसारखं लागत होतं, पण सर्दीत लागतंच. सर्दी जाऊनही बरेच दिवस झाले होते. ती घरभर फिरली. फिनेलची बाटली, जयेशचं परफ्यूम, लसणाची पाकळी, देवाजवळची विझलेली उदबत्ती, एकेक नाकाशी धरत गेली. सगळ्या वस्तू आपापल्या जागी होत्या आणि सगळ्या कोणीतरी आतून पुसून ठेवल्यासारख्या. एकोणिसाव्या मजल्याच्या खिडकीतून खाली घोडबंदर रोडवर गाड्यांची रांग लागलेली दिसत होती. ती रांग रोजचीच, पण आज ती काचेमागची वाटली. आपण आत आहोत की बाहेर, हे तिला नीट ठरवता येईना.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर त्याला एवढं वाटलं नसतं, असं तिला त्या दिवसांत सारखं वाटायचं. ती नाकावरच वाढलेली होती. तिची आई भागीरथी चेंदणीच्या कोळीवाड्यातली, ठाण्याच्या बाजारात म्हावरं विकायची, अजूनही विकते. हेमांगी लहान असताना आई सुट्टीच्या दिवशी तिला बरोबर न्यायची. माल उचलायच्या आधी पापलेटचा कल्ला वर करून तिच्या तोंडासमोर धरायची. "बग गो हेमा." हेमा वास घ्यायची आणि म्हणायची, "कालचा." विकणारा हसायचा, पण आई तो माल घ्यायची नाही. समुद्राचा वास, बर्फाचा वास, बर्फात दोनदा गेलेल्याचा वास, आणि खरंच खराब झालेल्याचा, गोडसर, दाताखाली आल्यासारखा वास. हे सगळे वेगवेगळे होते, आणि बाहेरच्या माणसांना ते सगळे एकच वाटतात हे तिला पुष्कळ उशिरा कळलं. कळलं ते शाळेत. कुणी काही बोललं नव्हतं. बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीनं फक्त रुमाल काढला आणि उरलेला तास नाकाशी धरून ठेवला. त्या दिवसापासून हेमांगीचं नाक आतल्या बाजूला वळलं. केस, बोटं, वहीची पानं, दप्तराचा पट्टा, सगळं ती तपासायला लागली. शाळेत निघण्याआधी लिंबाची फोड बोटांवर घासायची. पुढे कॉलेज झालं, एचआरची नोकरी लागली, ठाकुर्लीच्या जयेशशी लग्न झालं. त्याच्या घरी अंडंसुद्धा शिजत नसे. ती या उंच टॉवरमध्ये राहायला आली, तरी रोज सकाळी दाराबाहेर पडताना एक श्वास ती स्वतःवर घ्यायची. तो श्वास म्हणजे कडी लावणं होतं. आता कडीच नव्हती.

तिनं गॅस गळला की वाजणारं यंत्र बसवून घेतलं. ते कधीच वाजलं नाही, म्हणून ते बंद पडलंय असं तिला वाटायला लागलं. रात्री उठून ती गॅसची बटणं बघायची, बोटानं दाबून. दूध, डाळ, कालची भाजी, सगळं संशयित. फ्रिज उघडून ती नुसती उभी राहायची आणि मग चांगल्या पोळ्यासुद्धा टाकून द्यायची. ऑफिसमध्ये कुणी खुर्ची जराशी मागे सरकवली की तिच्या मानेवर घाम यायचा. एकदा लिफ्टमध्ये एका माणसानं नाक चोळलं आणि ती चौथ्या मजल्यावरच उतरली, पुढचे जिने चढून गेली. वर पोचेपर्यंत खरोखरच घामाघूम झाली होती. मागे एकदा तिच्याच टीममधल्या एका मुलाच्या अंगाला वास येतो म्हणून तक्रार आलेली, आणि तिनं त्याला केबिनमध्ये बोलावून फार मऊ आवाजात समजावलं होतं. मान खाली घालून बसलेला तो मुलगा तिला आता वारंवार दिसायचा. माझ्याशी असं मऊ आवाजात कोण बोलेल? आणि कधी? की आत्ताच मागे बोलतायत?

"जयेश, बघ ना जरा," ती रोज सकाळी म्हणायची आणि ओढणी त्याच्यासमोर धरायची. मग टिफिन. मग केस. पहिले काही दिवस त्यानं नीट केलं. मग शर्टाची बटणं लावता लावता, न वाकताच "ठीक आहे" म्हणायला लागला. एक दिवस म्हणाला, "हेमा, मी काय तुझं नाक आहे का? डॉक्टरनी सांगितलंय ना, येईल परत. जरा पॉझिटिव्ह रहा. तू प्रत्येक गोष्टीत आधी वाईटच बघतेस." डॉक्टरांनी तसं म्हटलं नव्हतं. ते म्हणाले होते, येऊ शकतो, काहींना येत नाही; रोज लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी हुंगत जा, आणि हुंगताना तो वास आठवा. ती चार डब्या मांडून बसायची. लवंग नाकाशी धरून आठवायचा प्रयत्न करायची, आणि दरवेळी तिला लवंगेऐवजी फक्त 'लवंग' हा शब्द आठवायचा.

आईला तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई हसली असती. भागीरथीला कशाचंच काही वाटायचं नाही. बाप वारला तेव्हा तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी ती पाटी घेऊन बाजारात बसली होती. साखरेचा आजार निघाला तेव्हा म्हणाली, "साकर हाय ना, ईख तं नाय," म्हणजे विष तर नाही ना. गोळ्या आठवल्या तर घ्यायची. "काय नाय होत गो," हे तिचं सगळ्यावर एकच उत्तर. लहानपणी हेमांगीला त्या वाक्याची ऊब वाटायची, मोठेपणी त्याचा राग यायचा, आणि आता मनातून हेवा वाटायचा. रविवारी ती चेंदणीला जायची तेव्हा आई खाटेवर पाय वर घेऊन बसलेली असायची. थोडी लंगडायची. "चप्पल लागली," म्हणायची. पायात मोजे घालायला लागली होती, जयेशचेच जुने, हेमांगीनं दिलेले. थंडी वाजत असेल, असं हेमांगीला वाटलं. खरं तर तिला तेवढंसुद्धा वाटलं नाही. ती त्या घरात बसून आपण इथून काय वास घेऊन परत जाणार, एवढाच विचार करत असायची, कारण आता परत जाताना तो किती चिकटलाय हे तिला कळणार नव्हतं.

एका रविवारी जयेशही आला होता. नेहमी तो जेवून थोडा रेंगाळायचा, हेमांगीच्या भावजयीशी, दक्षताशी, टीव्हीवरच्या मॅचबद्दल बोलायचा. भाऊ हर्षित बोटीवर होता, सहा-सहा महिने यायचा नाही. त्या दिवशी जयेश जेवण होताच उठला. गाडीत बसल्यावर त्यानं चारही काचा खाली केल्या आणि घर येईपर्यंत वर केल्या नाहीत. "काय झालं?" तिनं विचारलं. "काही नाही. हवा बरी वाटतेय." माझ्या अंगाला येत असेल, तिनं ठरवलं. घरी आल्या आल्या तिनं डोक्यावरून आंघोळ केली आणि ओले केस घेऊन बाल्कनीत उभी राहिली. तिला विचारायचं होतं आणि उत्तर नको होतं.

मार्चमध्ये दक्षताच्या बहिणीची हळद होती. दक्षता शहाडला माहेरी जाणार, म्हणून हेमांगी आईला चार दिवसांसाठी आपल्याकडे घेऊन आली. आईला एकोणिसावा मजला आवडायचा नाही. बाल्कनीत लांब उभी राहून ती खाडीचा करडा पट्टा बघायची आणि म्हणायची, "आपली खाडी हितून कपरा वालत घातल्यावानी दिसतं." हेमांगीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. आई येणार म्हणून तिनं आधीच बजावलं होतं, सुकट नको, बोंबील नकोत, काही आणू नकोस. सोसायटीत एक-दोनदा वाद झाले होते.

दुसऱ्या दिवशी शनिवारी दुपारी जयेश बाहेर गेलेला असताना सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. एकोणिसाव्या मजल्यावर भयंकर वास येतोय, कुणी सुकी मासळी आणली असेल तर कृपया इतरांचा विचार करावा. खाली लगेच दोन-तीन अंगठे, एक नाक दाबलेला चेहरा. प्रमोदिनीकाकूंनी काहीच लिहिलं नव्हतं, पण मेसेज त्यांनी वाचल्याचं दिसत होतं. हेमांगीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं, असंच तिला वाटलं. आणि त्यात कुठंतरी, फार खोल, सुटल्यासारखंही वाटलं. ती खोलीत गेली. आई पलंगावर भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

"आई, तू काय आणलंयस?"

"काय गो?"

"मासळी. सुकट आणलीस ना? मी सांगितलं होतं ना तुला?"

"नाय गो बाय. तू नको बोललीस ना."

"खोटं बोलू नकोस. लोक मेसेज टाकतायत. सगळ्या मजल्यावर वास येतोय."

आईनं डोळे उघडले आणि तिच्याकडे नीट बघितलं. "लोकांना येतंय," ती म्हणाली. "तुला नाय येत?"

हेमांगीनं आईची पिशवी पलंगावर उलटी केली. दोन लुगडी, गोळ्यांची पाकिटं, पानाचा डबा, दक्षतानं दिलेले रव्याचे लाडू. तिनं लुगडी नाकाशी नेली आणि मध्येच थांबली, कशासाठी नेली ते आठवून. सगळं धुवून टाकू. मशीनमध्ये घालू, चादरीसकट. आईला आंघोळ घालू, डोकं धुऊ, डेटॉल टाकू. तिला आता काहीतरी खरखरीत, हातानं करता येण्यासारखं हवं होतं. "ऊठ, ते मोजेपण दे," ती म्हणाली. "र्‍हाऊ दे गो," आई म्हणाली आणि पाय आखडून घेतला. तिच्या आवाजात हेमांगीनं आजवर कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. आई घाबरली होती. हेमांगीनं खाली बसून मोजा ओढला. तो निघेना. तळव्याला चिकटला होता.

मोज्याखाली कापड बांधलं होतं, हळदीनं पिवळं झालेलं, आणि कापडाखाली पाय होता. अंगठ्याजवळची दोन बोटं काळी पडली होती. तळव्याला एक खोल जखम होती, आणि तिच्या कडा ओल्या, राखाडी होत्या. हेमांगी तिच्या इतक्या जवळ होती की तिचा श्वास त्या पायावर पडत असणार. ती श्वास घेत होती. खोलीत काहीच नव्हतं; पंख्याचा आवाज, दुपारचं ऊन, स्वच्छ हवा.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दुखत नाय गो. दुखला असता तं सांगला नसता का तुला?" आई म्हणाली. "वास येत व्हता. मना वाटला, तू आयलीस का तूच बोलशील. तुला तं दुरून कलतं. तू काय बोलली नाय, मंग मना वाटला, नसंल तवरा."

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरांनी मास्क सारखा केला, पाय उलटसुलट बघितला आणि विचारलं, "घरात कुणाला वास आला नाही?" प्रश्न रागाचा नव्हता, साधा होता, त्यामुळे त्याला उत्तर देणं भागच होतं. हेमांगी कोळीवाड्यातलं ते घर आठवत उभी राहिली. दक्षताला आला असणार. तिनं फोनवर रडत सांगितलंच, ताई, मला वाटलं भरती-ओहोटीचा आहे, खाडीचा हल्ली असाच येतो ना. बाजारात बायकांना आला असणार. त्यांच्या समोर मासळीच्या पाट्या होत्या. मजल्यावरच्या लोकांना आला, त्यांना सुकट वाटली. आणि तिला? तिनं नाक नसताना त्यांचं ऐकलं. खराब झालेल्याचा आणि म्हावऱ्याचा वास वेगळा, हे आख्ख्या सोसायटीत एकट्या तिला माहीत होतं, आणि तिनं आईची पिशवी उलटी केली होती. इतके दिवस ती गॅसची बटणं दाबत होती, चांगल्या पोळ्या टाकत होती, ओढणी पुढे करत होती. तिची भीती घरभर पहारा देत फिरत होती आणि जिथं बघायचं होतं तिथं तिनं एकदाही बघितलं नव्हतं.

ऑपरेशन चालू असताना जयेश तिच्या शेजारी बाकड्यावर बसला होता. बराच वेळ तो बोटं मोडत होता. मग म्हणाला, "मला आलेला. त्या रविवारी."

"काय?"

"वास. आईंच्या खोलीत. खूप येत होता. म्हणून तर मी काचा उघडल्या."

"मग बोलला का नाहीस?"

"कसं बोलणार? तुला वाईट वाटलं असतं." तो जमिनीकडे बघत होता. "मला वाटलं, तिथं तसाच वास असतो."

तसाच म्हणजे कसा, असं तिनं विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली. दर सणाला तो त्या घरी जेवला होता, आईच्या हातची भाकरी मागून घ्यायचा, तिला वाकून नमस्कार करायचा. आणि तेवढ्या सगळ्या वेळात तो चांगुलपणानं, न बोलता, सहन करत होता. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला लागताच आपणही त्या ओरडण्यात येऊ हे तिला दिसलं. शाळेतल्या त्या रुमालानंतर तिनंही हेच धरून ठेवलं होतं, की तसाच असतो. लिंबाच्या फोडी त्याच्यासाठीच होत्या. "तू विचारायला हवं होतंस," ती एवढंच म्हणाली. "माझ्यासाठी नाही. तिच्यासाठी." जयेशनं मान हलवली. त्याचे डोळे भरले होते. तिनं त्याचा हात धरला नाही, पण उठून दुसरीकडे बसलीही नाही.

दोन बोटं गेली, पाय राहिला. आईला वॉर्डात आणल्यावर तिनं पहिल्यांदा पांघरूण सरकवून बँडेजकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग म्हणाली, "बाजारात बसूनच तं असतंय मी." हेमांगीला वाटलं, आता 'काय नाय होत' येणार. ते आलं नाही. आईनं पांघरूण परत ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचा खांदा हलत होता. हेमांगीनं आईला रडताना कधी बघितलं नव्हतं, आणि काय करायचं असतं ते तिला माहीत नव्हतं. ती नुसती पलंगाच्या कडेला बसून राहिली.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टर ड्रेसिंग शिकवत होत्या. कापूस असा धरायचा, इथून आत नाही जायचं, चालायला द्यायचं नाही. "आणि रोज वास बघायचा, काय? जरा जरी घाण वास आला की लगेच घेऊन यायचं." हेमांगीनं मान डोलावली. मग थांबली. पलंगावरून आई बघत होती, दाराशी जयेश बिलं घेऊन उभा होता, शेजारच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक होते. "सिस्टर," ती म्हणाली, "मला वास येत नाही. कशाचाच." बोलताना तिचे कान तापले, नेहमीसारखेच. सिस्टरनी वर बघितलं आणि जराही न थांबता म्हणाल्या, "मग रंग बघा. कडा लाल-गुलाबी आहेत का, पाणी कसलं येतंय. आणि उलटा हात लावायचा, असा. गरम लागला तर फोन करा." त्यांनी हेमांगीचा हात धरून त्याची पाठ आईच्या घोट्यावर टेकवली. आई उशीवरून म्हणाली, "मना बोलली नाय कदी तू."

"तूपण नाही बोललीस," हेमांगी म्हणाली.

आई आता त्यांच्याकडेच राहते, निदान जखम भरेपर्यंत. भीती गेलेली नाही. बँडेजचा शेवटचा पदर उलगडताना हेमांगीला दरवेळी ते काळं परत दिसतं आणि दरवेळी ते नसतं. ग्रुपवर तिनं एवढंच लिहिलं, माझ्या आईच्या पायाला जखम होती, मासळी नव्हती. कुणी लवकर बरं व्हा लिहिलं, कुणी हात जोडले, कुणी काहीच नाही. संध्याकाळी ऑफिसातून आली की ती हात धुते, बाल्कनीच्या उजेडात आईचा पाय मांडीवर घेते आणि आधी बघते, पुष्कळ वेळ, रंग आणि कडा आणि पाणी. मग उलटा हात.

पहिल्या दिवशी आई वर पंख्याकडे बघत पडली होती. हेमांगीनं टाचेला हात लावला, तळव्याला लावला, जिथं बोटं होती तिथल्या टाक्यांच्या बाजूला लावला. आई हललीसुद्धा नाही.

"लावलास का हात?" थोड्या वेळानं आईनं विचारलं.

"केव्हाचा."

"मना कलत नाय गो," आई म्हणाली. अगदी हळू, जशी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असावी. "सांगत जा."

हेमांगीनं हात परत टाचेवर नेला. "टाच," ती म्हणाली.

"हां," आई म्हणाली.

"तळवा."

"हां."

"अंगठा. गार आहे. बराय."

"हां," आई म्हणाली आणि डोळे मिटले.